चौकशीची पाटी

पोलादपूर,
ता. ९ डिसेंबर १९६६

चि. महिपत भावोजी यांस राहीबाईचे अनेक आशीर्वाद.

इकडे मी खुशाल, शेळी खुशाल, घरावरची कौले दोन सोडून बाकीची खुशाल. तुमची, शकूची आणि पोरांची खुशाली कळवावी. शकूच्या दाढेचे काय झाले? काढली की नुसतीच डॉक्टरला दाखवून आणली? लवंग धरायला सांगितले होते, ती तिने धरली नसणार. मुंबईला गेल्यापासून लवंग फक्त मटणात घालायची असते असे तिला वाटते. तुमचा खोकला कसा आहे? लाकडाचा भुसा नाकात जातो, तर तोंडाला फडके बांधून काम करावे, लोक हसले तर हसू द्यावेत.

तुमचे कार्ड मंगळवारी पोचले. भावोजी, असला मजकूर उघड्या कार्डावर लिहितात का? "वहिनी, तुमची चौकशी लागल्याचे हैबतीकडून समजले. भिऊ नका. नोकरी सोडा. पुढच्या रविवारी एस.टी.ने येऊन तुम्हाला कायमचे मुंबईला नेतो. भिऊ नका." पोस्टमनने कार्ड हातात दिले ते मान खाली घालून. माझ्याआधी ते त्याने वाचले, त्याच्याआधी महाडच्या पोस्टात कोणी वाचले असेल, आणि संध्याकाळपर्यंत ज्यांना वाचता येत नाही त्यांनासुद्धा ते पाठ झाले. तुम्ही दोनदा "भिऊ नका" लिहिले आहे, त्यावरून कोण भ्याले आहे ते कळले.

तर आधी मुद्द्याचे लिहिते. माझी चौकशी लागलेली नाही. मी चौकशीला लागले आहे. या दोहोंतला फरक हैबतीला कळला नाही, आणि त्यात दोष त्याच्या एकट्याचा नाही. सगळे पहिल्यापासून सांगते. आंतरदेशीय पत्रात मावणार नाही म्हणून ऑफिसातले पाठकोरे कागद घेतले आहेत (विचारून घेतले, हेही लिहून ठेवते, नाहीतर खरोखरची चौकशी लागायची).

तुम्हाला ठाऊकच आहे, तुमचे दादा गेल्यावर आमच्या सावित्री खोरे शेतकरी संघाने मला त्याच ऑफिसात पाणी भरायला आणि झाडायला-सारवायला ठेवले. दारातल्या ज्या लांब बाकड्यावर ते चौदा वर्षे बसले, त्यावर मी आता पाच वर्षे बसते आहे. ते जन्मभर कागद वाहत होते, वाचता एक येत नव्हता. मी वाण्याच्या पुड्यांवरून अक्षरे लावायला शिकले ते त्यांच्यासमोरच. हळदीची पुडी रिकामी झाली की विचारायचे, "काय म्हनते आज हळद?" आता कोणी विचारत नाही. पण समोर आलेला कागद वाचल्याशिवाय मला राहवत नाही. पुडीचा कागद आपल्या हातात कसाही येतो, आडवा, उलटा, फाटका, त्यामुळे मला उलटे अक्षरही सुलट्याइतकेच लागते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी आहे.

दसरा झाला आणि संघाच्या वरच्या ऑफिसातून एक परिपत्रक आले. पूर्वी अशी परिपत्रके इंग्रजीत यायची. ती कोणालाच कळायची नाहीत, त्यामुळे काम सुरळीत चालायचे. हल्ली ती मराठीत येतात आणि प्रत्येकाला वेगवेगळी कळतात. यात लिहिले होते की कार्यालयातील बैठक सदोष असल्याने कामाचा उरक होत नाही, तरी बैठकीत तातडीने सुधारणा करावी, तपासनीस समक्ष येऊन पाहतील. आमचे हेडक्लार्क येसाजीराव (माणूस चांगला, पण कोणताही कागद पहिल्या सहा ओळींपुढे वाचत नाही) म्हणाले, "खरं आहे. आपण बैठका घेतच नाही, तर उरक होणार कुठून?" आणि दुसऱ्या दिवसापासून रोज दहा ते बारा बैठक सुरू झाली. विषय, बैठकीत सुधारणा. चौघे जण दार लावून बसत आणि काल काय ठरले ते आज वाचून दाखवत. काल काहीच ठरलेले नसल्यामुळे तेही लवकर आटपत नसे. बाहेर माझ्या बाकड्यावर माणसांची रांग. त्यात चांगू होता. कशेडीच्या अंगाला त्याची वाडी, उजाडायच्या आत निघून पायी उतरायचा आणि वालाच्या बियाण्याचा कागद न मिळता पायीच चढून जायचा. तीन खेपा झाल्या. भाताच्या शेतातली ओल उडून गेली की वाल पेरून उपयोग नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. चांगू रोज तेवढेच म्हणायचा, "वयनी, वल हाय तवर कागद गावंल का गो?"

आठ दिवसांनी महाडचे कोणी ओळखीचे येऊन येसाजीरावांना म्हणाले की बैठक म्हणजे सभा नव्हे, बैठक म्हणजे गादी, लोड आणि तक्के, आपली भारतीय बैठक. येसाजीरावांना ते एकदम पटले. टेबले भिंतीला गेली, लग्नाच्या मांडवातले बिछायतीचे सामान आले आणि चौघे जण पांढऱ्या चादरीवर मांडी घालून बसले. पहिल्याच तासाला दौत लवंडली. दुपारी जेवणानंतर जे लोडाला टेकले ते चारला उठले. लोक दारात वहाणा काढून आदबीने आत येत आणि हात जोडून बसत. भोराव्याच्या एका म्हाताऱ्याने हळूच मला विचारले, "पोरगी कुनाची म्हनायची?" आमचा शिपाई सोनबा (तालमीतला गडी, त्याला अर्थ तिसराच लागला होता) मला म्हणाला, "बैठकाच पायजेत तर साहेबाला सांग, मी रोज दोनशे मारतो. यांच्यानं पाच तरी निघतील काय इचार!"

मला परिपत्रकाचा अर्थ पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. टेबल पुसताना मी ते पुरते वाचले होते. कागदाच्या मागच्या बाजूला टेबले, खुर्च्या, कपाटे कशी मांडावीत, उजेड कुठून यावा, हे सगळे छापलेले होते. बैठक म्हणजे बसायची मांडणी. सांगितले का नाही म्हणाल, तर मला कोणी विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर थोडी गंमतही वाटत होती. पण चांगू चौथ्या खेपेला रिकाम्या हाताने परतला तेव्हा गंमत वाटेनाशी झाली. मी आत जाऊन म्हटले, "साहेब, पान उलटा." येसाजीरावांनी पान उलटले, वाचले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हे मला माहीतच होतं." दुसऱ्या दिवशी गाद्या परत गेल्या आणि टेबले होती तिथे आली.

तपासनीस गुरुवारी यायचे होते. म्हणून बुधवारी सकाळी मी सगळे सामान अंगणात काढायला लावले आणि ऑफिस शेणाने सारवायला घेतले. शेवटचा हात फिरवून उठते तो दारात पॅंट घातलेला एक सडपातळ तरुण माणूस. साहेब एक दिवस आधीच आले! आत जमीन ओली, टेबले अंगणात, शेळी येसाजीरावांच्या खुर्चीला अंग घाशीत उभी (आपलीच शेळी, माझ्या मागे आली होती). चौघे कारकून घाबरले. टेबल नसले तरी जागा सोडायची नाही, म्हणून भिंतीच्या कडेकडेने जाऊन प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात रजिस्टर छातीशी धरून उभा राहिला. आरतीला उभे राहतात तसे दिसत होते.

साहेबांनी बाकड्यावर एक मोठा कागद पसरला. त्यावर आमच्या ऑफिसाचा नकाशा होता (आधी कोणीतरी येऊन पाहून गेले असणार). मी समोर उभी, म्हणजे मला तो उलटा. पण उलटे मला लागते हे वर लिहिलेच आहे. दारापाशी पाण्याचा हंडा आणि बाकडे काढले होते, त्यावर लाल फुली होती आणि बाजूला लिहिले होते, "येथे गर्दी व गप्पा. पाणी देणारी स्त्री अनावश्यक." भावोजी, पाच वर्षांत माझ्याबद्दल ऑफिसात कोणी कागदावर लिहिलेले हे पहिलेच. मी ते दोनदा वाचले. मग हात धुवायला गेले, कारण हाताला शेण होते आणि तिथे उभे राहून दुसरे काही करण्यासारखे नव्हते. तुमच्या मुंबईचा विचार मनात आला तो तेवढा एकदाच.

परत येते तर चांगू पायऱ्या चढत होता. पाचवी खेप. मी ओरडले, "अरे थांब, वलं हाय!"

"असू दे गो वयनी, माझं पाय काय कोरडं हायत?" म्हणून तो आत शिरला, नदीतून आलेले पाय घेऊन. अर्ज घेणारे कारकून अगदी आत, खिडकीपाशी (वारा लागतो म्हणून). चांगू तिकडे गेला. त्यांनी पाठवले दारापाशी, नोंद करायला. तिथून परत खिडकीपाशी, आकडा लिहून घ्यायला. तिथून उजव्या कोपऱ्यात, शिक्क्यासाठी. शिक्केवाल्याने डाव्या कोपऱ्यात घड्याळाखाली पाठवले, येसाजीरावांची सही घ्यायला. सही झाली, आणि पुन्हा दारापाशी, जावकेच्या नोंदीला. साहेब आले आहेत म्हणून कोणी त्याला उद्या ये म्हणाले नाही, एवढाच काय तो फरक. चांगू कागद मुठीत धरून बाहेर आला आणि माझ्या ताज्या सारवणावर इकडून तिकडे, तिकडून इकडे पाय उमटले. सबंध जमिनीवर विस्कटलेल्या बाजेच्या सुंभासारखे!

येसाजीराव चांगूवर खेकसले. "गाढवा, सगळी जमीन खराब केलीस!"

माझ्याने राहवले नाही. अनावश्यक तर ठरलेच होते, आणखी काय व्हायचे होते? मी म्हटले, "साहेब, त्याला कशाला बोलता? तुम्ही पाठवलंत तिथं तो गेला. हे बघा की, एका कागदापायी माणूस किती चालतो ते."

तपासनीस पुढे आले. उंबऱ्यावर उकिडवे बसले आणि बोटाने पाय मोजू लागले. सत्तावन्न भरले. मग मला म्हणाले, "बाई, तुम्ही असतात तर कसं मांडलं असतं?"

आता मला काय नकाशा येतो? मी आपले चुलीचे सांगितले. भाकऱ्या थापायला बसले की पीठ उजव्या हाताला, पाणी डाव्या हाताला, तवा समोर, टोपली पलीकडे. एका भाकरीला मी चारदा उठले तर भाकरी करपेल आणि घरधनी उपाशी राहील. इथे उठायची पाळी बाहेरून येणाऱ्यावर आहे, म्हणून तुम्हाला करपलेली भाकरी दिसत नाही. साहेब हसले नाहीत. "मांडून दाखवा," म्हणाले.

मग दुपारी जमीन सुकल्यावर सोनबाने एकेक टेबल आणायचे आणि मी जागा दाखवायची. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत एकाच ओळीत, अर्ज, नोंद, शिक्का, सही. एका दाराने आत, दुसऱ्याने बाहेर. अर्जाचे कारकून वाऱ्यावाचून कासावीस व्हायला लागले, त्यांना सांगितले की दाराचा वारा खिडकीपेक्षा जास्त असतो. येसाजीरावांची समजूत पटेना. हेडक्लार्कने सगळ्यांत आत बसायचे असते, हे वाटेच्या कडेला बसणे म्हणजे शोभा नाही, असे ते म्हणत होते. मी म्हटले, "साहेब, शेवटचं टेबल मागच्या दाराशी, आणि मागच्या दारासमोर चहावाला." ते थोडा वेळ शोभेचा विचार करीत उभे राहिले आणि मग स्वतःच खुर्ची उचलून तिकडे गेले.

सगळे लागले. तेव्हा साहेब म्हणाले, "आणि बाई, तुमची जागा?"

भावोजी, खरे सांगते, मी सगळ्यांना बसवले आणि माझी जागा धरायचीच विसरले. लाल फुली मला आठवत होती. मी म्हटले, "साहेब, लांबून आलेल्या माणसाला आधी पाणी लागतं. पाणी पिता पिता तो काय काम आहे ते नीट सांगतो. तोच टेबलापुढं गेला की घाबरून भलतंच सांगतो, मग चार खेपा होतात. तो पाण्यापाशी काय बोलतो ते मी ऐकते, आणि कुठं जायचं ते सांगते. त्यालाच तुम्ही गप्पा लिहिलंय." आता लिहिलेले मला कसे कळले, हे साहेबांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पेन काढले, फुलीवर आणि "अनावश्यक"वर रेघ मारली आणि वर एक शब्द लिहिला. तो शब्द "चौकशी".

बाकडे मात्र जाणार असे ठरले. साडेसात फुटांचे धूड, येणाऱ्याची वाट अडवते. साहेबांनी फितीने मोजून दाखवले आणि मोजमाप बरोबर होते. मोडून चुलीला घालावे म्हणाले. मी बरे म्हटले. जुने लाकूड ते, त्याचे काय एवढे? मला एक स्टूल मिळाले.

आठ दिवसांनी महाडच्या पेंटरकडून पाटी रंगवून आली, निळ्यावर पांढरी अक्षरे. सोनबाने माझ्या डोक्यावर खिळ्याला लावली. आणि ऑफिसात येणारी माणसे एकदम थांबली! जो येईल तो लांबून पाटी वाचायचा, माझ्याकडे बघायचा आणि मागच्या दाराने जायचा. खेड्यात चौकशी म्हटली की काय कळते? तलाठ्याची चौकशी, पाटलाची चौकशी, घरी पोलीस येतात ती चौकशी. बनुबाई शेजारीण उकड्या तांदळाची पेज घेऊन आली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "राहीबाय, काय केलास ता कबूल कर गो. कबूल केलास की सुटशील." चांगू तर मुद्दाम घाट उतरून आला. वाल पेरून झाले होते, कामही काही नव्हते. खांबाआड उभा राहून हळूच म्हणाला, "वयनी, मी साक्ष देतो. पाय माझं व्हतं, तुझा काय गुना नाय." आणि आपला हैबती, जो दिवाळीला मुंबईहून माझ्याकडे आला आणि गाडी चुकली, गाडी चुकली म्हणत पंधरा दिवस राहिला, त्याने ती पाटी एकेक अक्षर लावून वाचली आणि नेमका त्याच दिवशी त्याला गाडी मिळाली.

शेवटी मी खडू घेतला आणि पाटीखाली भिंतीवर लिहिले, "पाणी मिळेल." तेव्हापासून लोक येतात. परवा एक जण दहाला आला आणि साडेदहाला काम होऊन बाहेर पडला. त्याला खरेच वाटेना. मागच्या दाराशी उभा राहून "आता दिसभर काय करू?" म्हणून मलाच चौकशी करीत होता. येसाजीराव आता दिवसातून तीन चहा पितात, पूर्वी दोन प्यायचे, पण काम चौपट होते, तर एक चहा जास्त गेला म्हणून काय झाले? मी बरी आहे, भावोजी. संध्याकाळी घरी जाताना आज किती माणसांना पाणी दिले आणि कुणाचे काय काम झाले, ते वाटेने मनात घोळवत येते. घरी आल्यावर सांगावेसे वाटते. ते वाटणे काही जायचे नाही, आणि जावे असेही नाही.

तेव्हा रविवारी येऊ नये. रजा फुकट घालवू नये. मला काही कमी नाही, काही पाठवू नये. मोठ्यांना नमस्कार, पोरांना पापे, शकूला लवंग.

तुमची वहिनी,
राहीबाई (चौकशी)

ता. क. काही पाठवू नये असे वर लिहिले आहे, त्यात स्टुलाजवळ ठेवायचे लहान टेबल धरू नये. उंची तीन वीत चार बोटे, रुंदी दोन वीत. माझी वीत, तुमची नव्हे. तुमच्या विती पाहून टेबल केलेत तर मला त्यावर चढावे लागेल. एक खण ठेवा, त्यात खडू ठेवीन. शिमग्याला याल तेव्हा घेऊन या.

ता. क. दुसरा. टेबलाबरोबर तुमची हत्यारेही आणा. कशाला ते कार्डावर विचारू नका.

ता. क. तिसरा. कोणाला सांगू नका. बाकडे मोडले नाही. त्याच्या वजनाची जळाऊ लाकडे मी घरून नेऊन ऑफिसच्या चुलीपाशी रचली. येसाजीरावांनी विचारले, "फोडलं का?" सोनबाने लाकडांकडे बघून "व्हय" म्हटले. बाकडे आपल्या पडवीत आहे. या गोष्टीची मात्र खरोखर चौकशी व्हायला हवी, पण ती माझ्याकडेच यायची, आणि मी काही सांगणार नाही. उजवीकडचा एक पाय डुगडुगतो, मी त्याच अंगाला बसते म्हणून असेल. तो बसवून द्या. वरून साफ करावेसे वाटले तर उजवीकडून मधापर्यंत करा. डाव्या टोकाला चौदा वर्षे बसून जो खळगा पडला आहे, तिथे रंधा लावायचा नाही.